पितृपंधरवड्यातला कंबोडिया

शुक्रवार : गावातला शेवटचा वर्ग

कंबोडियातील सरकारी शाळा बहुतेक ठिकाणी दोन पाळ्यांत भरतात. मूल सकाळी शाळेत गेले तर दुपारी मोकळे असते, दुपारी गेले तर सकाळी. हा मोकळा अर्धा दिवस शेतावर, गुरांमागे किंवा नुसताच उनाडक्या करण्यात जाऊ नये म्हणून सिएम रीप शहरापासून टुकटुकने तासाभराच्या अंतरावर एका गावात छोटे शिक्षणकेंद्र चालते. दादरच्या शाळेतून गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर २०२५ चा पावसाळा मी तिथे स्वयंसेवक म्हणून काढला. गावातल्याच दोन तरुण शिक्षिकांना दशक-एकक, हातच्याची वजाबाकी आणि अपूर्णांक वस्तू हाताळून कसे शिकवता येतात ते दाखवायचे, मग वर्ग त्यांनी घ्यायचा आणि मी मागच्या चटईवर बसायचे, असे कामाचे स्वरूप होते. साहित्य म्हणजे बांबूच्या काड्या, रबरबँड आणि चिंचोके. चिंचेची झाडे गावात हवी तेवढी होती.

शेवटच्या दिवशी शिक्षिकेने ५२ मधून २७ वजा करण्याचे उदाहरण घेतले. एक मुलगा दहा काड्यांचा गठ्ठा सोडायला तयारच होईना. इतका नीट बांधलेला गठ्ठा मोडायचा कशाला, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होते. अखेर शेजारच्या मुलीने गठ्ठा त्याच्या हातून ओढून घेतला, रबरबँड काढून मनगटात अडकवला आणि काड्या त्याच्यापुढे पसरल्या. पुढचे सारे मुलांनीच केले. या सगळ्या गोंधळात त्या शिक्षिकेने एकदाही वळून माझ्याकडे पाहिले नाही, आणि निरोपाच्या दिवशी मला याहून चांगली भेट मिळणे शक्य नव्हते.

दुपारी अंगणात खेळ झाले. मुले गोल करून बसतात आणि ज्याच्यावर राज्य आहे तो पिळलेला क्रमा, म्हणजे तिथला चौकड्यांचा पंचा, हळूच कोणाच्या तरी मागे टाकून पुढे जातो. ज्याच्या लक्षात येत नाही त्याने त्याच पंच्याचे फटके खात वर्तुळाभोवती धावायचे. लहानपणी ‘मामाचे पत्र हरवले’ खेळलेल्या माणसाला नियम विचारावे लागत नाहीत. मी दोनदा फटके खाल्ले.

अशा कामाचा विचार करणाऱ्यांसाठी थोडे स्पष्ट लिहिते. कंबोडियात अनाथाश्रमांत ‘सेवा’ करायला येणाऱ्या पाहुण्यांमुळे तशा संस्थांचे पेव फुटले होते, आणि तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे युनिसेफसह अनेकांनी दाखवून दिले आहे. म्हणून मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या, आल्या-आल्या त्यांच्याबरोबर फोटो काढू देणाऱ्या किंवा आठवडाभरासाठी कोणालाही वर्गात उभे करणाऱ्या संस्थेकडे जाऊ नये. चांगली संस्था तुमच्याकडे पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र मागते, तुमचे कौशल्य विचारते आणि तुम्ही गेल्यावर ते काम पुढे कोण करणार, याचे उत्तर तिच्याकडे तयार असते. व्हिसाचेही पाहावे. ३० डॉलरचा पर्यटक व्हिसा एकदाच महिनाभर वाढवता येतो. दीर्घ मुक्कामासाठी ३५ डॉलरचा साधारण व्हिसा घेऊन तो वाढवून घ्यावा लागतो.

शनिवार : पहाटेचा भात

भाद्रपदाच्या वद्य पक्षात आपल्याकडे पितृपंधरवडा चालतो, त्याच पंधरा दिवसांत कंबोडियात प्छुम बेन असतो. देश बौद्ध आहे, तरी पितरांची वाट तो आपल्याइतक्याच मनापासून पाहतो. या दिवसांत नरकाची दारे उघडतात, सात पिढ्यांपर्यंतचे भुकेले जीव बाहेर येतात आणि आपल्या माणसांनी काही ठेवले आहे का ते पागोड्या-पागोड्यांतून शोधत फिरतात, अशी श्रद्धा आहे. कुठेच काही मिळाले नाही तर ते घरच्यांना शाप देतात, असेही सांगतात. माझी भाची आदल्या रात्री मुंबईहून बँकॉकमार्गे येऊन पोहोचली होती. केंद्रात स्वयंपाक करणाऱ्या आजींनी, ज्यांना सगळी मुले ‘येय’ म्हणत, आम्हा दोघींना पहाटेच्या पागोड्याला येण्याचे बजावून ठेवले होते.

साडेतीनला उठून आम्ही निघालो. पाऊस नुकताच थांबलेला होता आणि भाताच्या खाचरांतून बेडकांचा आवाज कानठळ्या बसवत होता. पागोड्याच्या मंडपात भिक्षूंचे पाली पठण चालू होते आणि बायका पांढरे सदरे घालून, खांद्यावरून पांढरे उपरणे घेऊन बसलेल्या होत्या. चिकट तांदळाचा भात, त्यात तीळ, आणि त्याचे मुठीएवढे गोळे हे सगळे ताटात रचून त्यावर उदबत्ती आणि मेणबत्ती लावतात. पठण संपले की अंधारातच, अनवाणी, मुख्य विहाराला तीन प्रदक्षिणा घालत ते गोळे भिंतीकडेच्या गवतात टाकत जायचे. उजेड त्या जिवांना सोसत नाही, म्हणून हे सूर्योदयापूर्वीच उरकावे लागते.

येयने पहिला गोळा टाकताना एक नाव घेतले, दुसऱ्याला दुसरे. चार-पाच नावे झाली आणि मग ती काही न बोलता टाकत राहिली. केंद्राच्या शिक्षिकेने मला नंतर सांगितले की येयचा थोरला भाऊ ख्मेर रूज या जहाल साम्यवादी राजवटीत, १९७६ मध्ये, कालव्याच्या कामावर नेला गेला आणि परत आला नाही. तो कुठे गेला हे कळलेच नाही, त्यामुळे कोणत्या पागोड्यात त्याच्यासाठी भात ठेवायचा हेही ठरवता येत नाही. म्हणून येय दरवर्षी पंधरवड्यात जमतील तेवढ्या पागोड्यांत जाते.

भाची हळूच म्हणाली, “मावशी, उद्या घरी मामा पान वाढेल ना, आजोबांचं?” मी हो म्हटले. मग येयने आमच्या दोघींच्या हातात एकेक गोळा ठेवला आणि भिंतीकडे बोट दाखवले.

उजाडल्यावर मंडपातच न्याहारी झाली. नोम अन्सोम हा केळीच्या पानात गुंडाळून तासन्‌तास शिजवलेला चिकट तांदळाचा दंडगोल या सणाचा मुख्य पदार्थ आहे. त्यात डुकराचे मांस आणि मूगडाळ असते. गोड प्रकारात नुसते केळे घालतात आणि शाकाहारी माणसाने तोच मागून घ्यावा. एरवी ‘भाजी’ म्हणून जे मिळते त्यातही माशांचा सॉस किंवा प्रहोक, म्हणजे आंबवलेल्या माशांचा लगदा, असण्याची शक्यता मोठी असते. ‘न्याम बुअस’ म्हटले की निरामिष हवे आहे, हे बहुतेकांना समजते.

रविवार आणि सोमवार : अंगकोर

सणाच्या मुख्य तीन सुट्ट्यांत सारा देश आपापल्या गावी जातो. शहरांतली निम्मी दुकाने बंद असतात आणि बसभाडी वाढतात. मात्र अंगकोर, म्हणजे सिएम रीपजवळचा प्राचीन मंदिरांचा परिसर, उघडा असतो, आणि देशी लोकांना तिथे तिकीट नसल्याने सहलीला आलेली खमेर कुटुंबे डबे उघडून झाडांखाली बसलेली असतात. परदेशी माणसाला एका दिवसाचे ३७, तीन दिवसांचे ६२ आणि आठवड्याचे ७२ डॉलर पडतात. तीन दिवसांचे तिकीट सलग वापरावे लागत नाही, दहा दिवसांत केव्हाही वापरता येते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

अंगकोर वाट बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी बांधले आणि त्याचे तोंड पश्चिमेला आहे. त्यामुळे सूर्योदयाला शिखरे काळी दिसतात आणि दुपारनंतर शिल्पांवर ऊन पडते. पहाटे तळ्याकाठी कॅमेऱ्यांची रांग लावण्यापेक्षा दुपारी तीनला पश्चिमेच्या सज्जात जाऊन कुरुक्षेत्र पाहणे मला अधिक पटते. त्या भिंतीवर शरपंजरी भीष्म शोधायला गाइड लागत नाही. पूर्वेच्या सज्जातील समुद्रमंथन सुमारे ४९ मीटर लांब आहे: एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, मध्ये विष्णू, त्याच्याखाली कूर्म, आणि खाली मंथनाच्या वेगाने तुकडे-तुकडे झालेले मासे आणि मगरी. असुरांचे डोळे गोल आणि देवांचे बदामी आहेत. एवढी खूण सांगितल्यावर आमच्या शेजारी उभी असलेली दोन खमेर मुले ओळीने प्रत्येक चेहरा तपासत निघाली.

सोमवारी तिथली अमावास्या होती. बौद्ध पवित्र तिथींना अंगकोर वाटचा सर्वांत वरचा मजला बंद असतो, त्यामुळे तो आम्ही रविवारीच पाहून घेतला आणि सोमवार बायोन व ता प्रोम या मंदिरांना दिला. बायोनच्या प्रचंड हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो सर्वांनी पाहिलेले असतात. माझा बहुतेक वेळ खालच्या बाहेरच्या भिंतीवर गेला. सातव्या जयवर्म्याने तिथे चाम, म्हणजे शेजारच्या चंपा राज्याच्या, सैन्याशी झालेली नाविक लढाई कोरून घेतली, आणि कोरणाऱ्यांनी त्याच पट्टीत बाजार घुसवला: तराजू धरलेली मासेवाली, कोंबड्यांची झुंज लावून ओरडणारे लोक, चुलीवर भांडे, भाजायला लावलेल्या सळ्या, बाळंतपण. लढाईत पडणाऱ्या माणसांच्या होड्यांखाली मासे शांतपणे पोहत आहेत. याच राजाने राज्यात १०२ आरोग्यशाळा चालवल्याचा उल्लेख ता प्रोमच्या ११८६ च्या शिलालेखात आहे. ता प्रोममध्ये वडासारख्या मुळांनी भिंती कवळलेल्या दिसतात त्याच ठिकाणी आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचा फलकही दिसतो. हे खाते २००४ पासून तिथे जतनाचे काम करत आहे.

मंदिरांच्या दारात पोस्टकार्डे विकणारी मुले भेटतात. ती अनेक भाषांत आकडे मोजून दाखवतात आणि वाटाघाटीत आपल्याला सहज गुंडाळतात. त्यांच्याकडून काही घेऊ नये, हे मला केंद्रातल्या शिक्षिकांनी आधीच सांगून ठेवले होते, कारण मूल जितके कमावते तितकी त्याची शाळा बुडते. घ्यायचेच तर मोठ्या माणसाच्या टपरीवरून घ्यावे.

मंगळवार आणि बुधवार : चोरीचे शिल्प, कामाचे उंदीर

बान्तेय स्रेई हे ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेले शिवमंदिर शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. ते राजाने बांधलेले नाही, यज्ञवराह नावाच्या राजगुरूने बांधले. गुलाबी वालुकाश्मात कैलास हलवणारा रावण इतक्या बारकाईने कोरला आहे की पार्वती शंकराला बिलगताना तिचे बोट कुठे टेकले तेही दिसते. १९२३ मध्ये आंद्रे मालरो या फ्रेंच तरुणाने इथल्या देवता करवतीने कापून पळवल्या, पकडला गेला, आणि पुढे हाच गृहस्थ फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला. माझी भाची वकील आहे. तिने उरलेला अर्धा तास शिल्पांऐवजी त्या खटल्याची माहिती फोनवर वाचण्यात घालवला.

बुधवारी सकाळी सिएम रीपमधील आपोपो या संस्थेच्या केंद्रात गेलो, ते केवळ मुलांच्या आग्रहामुळे. आमच्या शिक्षणकेंद्राच्या भिंतीवर भूसुरुंगांपासून सावध राहण्याचे चित्र होते आणि मुलांनी त्याच्याभोवती उंदीर काढले होते. संस्था आफ्रिकेतील मोठ्या पिशवीगालाच्या उंदरांना सुरुंगातील टीएनटी या स्फोटकाचा वास ओळखायला शिकवते. उंदीर हलका असल्याने सुरुंग फुटत नाही, आणि टेनिसच्या मैदानाएवढी जागा तो अर्ध्या तासात तपासतो. त्याच कामाला धातुशोधक यंत्र घेतलेल्या माणसाला काही दिवस लागू शकतात, कारण यंत्र प्रत्येक खिळ्याला आवाज देते. मगावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये शौर्याबद्दल ब्रिटनमधील संस्थेचे सुवर्णपदक मिळाले होते. आमच्यासमोरच्या उंदराने दोरीला बांधलेल्या पट्ट्यात सरळ रेघेत चालत जाऊन एके जागी माती खरवडली, बक्षिसाचे केळे दोन्ही हातांत धरून खाल्ले आणि पुढे काम करायला साफ नकार दिला. प्रशिक्षक तरुणाने त्याला उचलून खांद्यावर ठेवले व माफी मागितली.

दुपारी बाट्टामबांगची बस होती. आमची आरक्षित जागा सणावरून परतणाऱ्या गर्दीत दोनदा विकली गेली होती. वाहकाने मध्ये प्लास्टिकची स्टुले लावली आणि चार तासांचा प्रवास साडेपाच तासांचा झाला. सणाच्या आठवड्यात शक्यतो रस्त्यावर राहू नये, किंवा चौघे मिळून टॅक्सी करावी.

गुरुवार : बाट्टामबांग

मुळात आम्ही इथून पोइपेतच्या नाक्यावरून रस्त्याने बँकॉकला जाणार होतो. २०२५ च्या जुलैत दोन्ही देशांत सीमेवर लढाई झाली, नाकी आधीच बंद झाली होती, आणि तो बेत सोडावा लागला. गावातल्या कोणाचा भाऊ, कोणाचा जावई त्या सीमेवर होता, आणि थायलंडचे नाव निघाले की बोलणे थांबत असे. पुढे जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी सीमेची ताजी स्थिती पाहावी आणि परतीचे तिकीट विमानाचेच ठेवावे.

बाट्टामबांगला आम्ही दोन गोष्टी पाहिल्या. संध्याकाळी शहराबाहेर दहा-बारा किलोमीटरवरच्या फ्नोम साम्पौ डोंगराच्या गुहेतून वटवाघळे बाहेर पडतात. लाखो जीवांचा तो काळा पट्टा अर्धा-पाऊण तास न तुटता भातशेतांवर जातो आणि पिकावरचे किडे फस्त करतो. समोर ऊसाचा रस विकणाऱ्या बाईने सांगितले की वाटेतल्या मंडळींनी तोंड मिटून वर पाहावे, आणि तिचे म्हणणे थोड्याच वेळात सिद्ध झाले.

रात्री फार पोन्लू सेल्पाकची सर्कस पाहिली. निर्वासितांच्या छावणीत चित्रकला शिकलेल्या काही तरुणांनी परतल्यावर १९९४ मध्ये ही शाळा काढली. गरीब घरांतील मुले तिथे चित्रकला, संगीत आणि सर्कस शिकतात. प्राणी नाहीत, जाळी नाही, फक्त तीन-चार वादक आणि पंधरा-वीस वर्षांची मुले. एका मुलाने खुर्च्यांच्या मनोऱ्यावर हातावर उभे राहण्याचा प्रयत्न केला आणि तो घसरला. सहकाऱ्याने त्याला झेलले, ढोलक्याने तोच ताल पुन्हा पहिल्यापासून धरला आणि मुलगा परत चढला. दुसऱ्या वेळी तो उभा राहिला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत बसलेली त्याची धाकटी भावंडे बाकावर चढून नाचली. प्रयोग रोज होत नाहीत, वार आधी विचारून घ्यावा.

शुक्रवार आणि शनिवार : फ्नोम पेन्ह

राजधानीत पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. नदीकाठी फिरून, नारळाच्या दुधात आणि गवती चहा-हळदीच्या वाटणात शिजवलेला मासा, म्हणजे आमोक, खाऊन आम्ही झोपलो. मासे खाणाऱ्या मुंबईकराने तो चुकवू नये.

शनिवारी तुओल स्लेंगच्या संग्रहालयात गेलो. ही पूर्वी शाळा होती. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजने राजधानी ताब्यात घेतली, शहरे रिकामी केली, शाळा बंद केल्या, आणि या शाळेच्या इमारतींत एस-२१ हा तुरुंग उघडला. ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामच्या सैन्याने शहर घेईपर्यंत हजारो माणसे इथे आणली गेली आणि अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाचली. जुलै २०२५ मध्ये या जागेचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला.

मी आयुष्यभर शाळेच्या इमारतींत वावरले आहे. तीन मजली इमारत, लांब सज्जा, ओळीने वर्ग, पिवळ्या-पांढऱ्या फरशा, खिडक्यांची उंची, भिंतीवर फळ्याची जागा, सगळे ओळखीचे असते. मग वर्गाच्या मध्ये विटांनी घाईने रचलेल्या कोठड्या दिसतात, जेमतेम माणूस बसेल एवढ्या. सज्जाला काटेरी तारांचे जाळे आहे, कैद्याने वरून उडी टाकून जीव देऊ नये म्हणून. अंगणात मुलांच्या व्यायामाचा खांब आहे आणि त्याचा उपयोग छळासाठी केला गेला.

या तुरुंगाचा प्रमुख काइंग गुएक इयाव, ऊर्फ दुच, पूर्वी गणिताचा शिक्षक होता. हे मी आधी वाचले होते. तिथे कैद्यांच्या नोंदी पाहताना ते वेगळे समजते. प्रत्येकाचा क्रमांक, फोटो, तारीख आणि जबाब ठेवलेला आहे. समासात नेटक्या अक्षरांत शेरे आहेत, एखाद्या वहीत चुका दाखवाव्यात तसे. फोटोंच्या भिंतीत मुलेही आहेत. एका सात-आठ वर्षांच्या मुलीचे केस नीट विंचरून भांग पाडलेला आहे, तो कोणीतरी त्याच सकाळी पाडला असणार. दुचला आंतरराष्ट्रीय साहाय्याने चाललेल्या न्यायालयाने २०१० मध्ये दोषी ठरवले, पुढे शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढली आणि २०२० मध्ये तो कैदेत वारला.

भाचीने मध्येच हेडफोन काढून ठेवले आणि ती अंगणातील चाफ्याच्या झाडाखाली जाऊन बसली. तसे करण्यात काही वावगे नाही. तिकीट ५ डॉलर आणि ध्वनिमार्गदर्शनाचे वेगळे ५ डॉलर पडतात. ध्वनिमार्गदर्शन घ्यावेच, पण दुपारचा दुसरा काही कार्यक्रम ठेवू नये. अनेक जण त्याच दिवशी चोएउंग एकची वध्यभूमी उरकतात, आम्ही ती सोडली. लहान मुलांना दोन्हीकडे नेऊ नये.

रविवार : कांपोट

कांपोटला फ्नोम पेन्हहून रेल्वे जाते. ती मोटारीपेक्षा हळू जाते, पण खिडकीतून मिठागरे आणि ताडाची झाडे नीट दिसतात. या भागातील मिऱ्याला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ख्मेर रूजच्या काळात सगळीकडे भात लावण्याच्या हुकमाखाली मिऱ्याच्या बागा जवळजवळ संपल्या होत्या आणि जुन्या कुटुंबांनी पुन्हा वेली लावल्या.

बागेतल्या बाईंनी आम्हाला एकाच वेलीवरचे चार प्रकार दाखवले: हिरवे ताजे घोस, वाळवलेले काळे, पूर्ण पिकवून निवडलेले लाल आणि साल काढलेले पांढरे. लाल मिरी दाताखाली फोडली की आधी गोडवा येतो आणि तिखट नंतर. भाव ऐकून मी कोकणातल्या आमच्या परसातली वेल आणि तिच्याकडे होणारे दुर्लक्ष यांचा हिशेब मनात करू लागले. शेजारच्या केप गावात हिरव्या मिऱ्याच्या घोसांसकट परतलेला खेकडा मिळतो. तो हातानेच खावा लागतो, आणि चाकू-चमच्यांशी झटणाऱ्या एका युरोपीय जोडप्याला भाचीने नांगी कशी फोडायची ते दाखवले.

जाणाऱ्यांसाठी उरलेले थोडे. देशात डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, एका डॉलरला साधारण ४,००० रिएल धरतात आणि डॉलरखालची मोड रिएलमध्येच मिळते. फाटकी, शाईचा डाग पडलेली किंवा कोपरा गेलेली डॉलरची नोट कोणी घेत नाही, म्हणून मुंबईतच परकीय चलनाच्या दुकानात एकेक नोट पाहून घ्यावी आणि सुट्ट्या नोटा जास्त मागाव्यात. विमानाने उतरण्याआधीच्या आठवड्यात आगमनाचा ऑनलाइन अर्ज भरायचा असतो, त्याला पैसे लागत नाहीत. सिएम रीपचा २०२३ मध्ये सुरू झालेला विमानतळ शहरापासून बराच लांब आहे आणि फ्नोम पेन्हचा सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालेला तेचो विमानतळही तसाच. गाडी आधी ठरवावी. पावसाळ्यात दुपारी तासभर धो-धो कोसळते आणि थांबते. त्या वेळात जेवण उरकावे.